बाप होणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं?

(या महिन्याचा अभ्यासपाठ. गटाच्या बैठकीत वाचता येणाऱ्या कोणत्याही ताईनं सावकाश, मोठ्यानं वाचून दाखवावा. वाचून झाल्यावर बोलायला वेळ ठेवावा.)

तायांनो, गरोदर बाईचं रक्त, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी, बाळंतपणाची तयारी यावर आपण बैठकीत पुष्कळदा बोललो. आज त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. पोट वाढतं बाईचं, कळा येतात बाईला, जीव धोक्यात जातो तो बाईचा. मग नवऱ्याच्या मनाचा पाठ कशाला? "त्याले काय होते बाई, तो तं बाहेर बसून चहा पेते," असं कोणी ना कोणी म्हणणारच. म्हणू द्या. पण विचार करा. रात्री गाडी कोण आणणार, पैसा कोण काढणार, अमरावतीला न्यायचं की नाही हे कोण ठरवणार? आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे अजून नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्याच हातात आहे. ज्याच्या हातात हे सगळं आहे तो आतून घाबरलेला असेल आणि ती भीती कोणाजवळ बोलत नसेल, तर त्याचा त्रास शेवटी गरोदर बाईलाच होतो. एक तर तो चिडतो, नाही तर घराबाहेर राहतो, नाही तर पिऊन येतो. म्हणून त्याचं मन समजून घेणं हे आपल्याही कामाचं आहे. आणि तोही माणूसच आहे, हे वेगळं सांगायला नको.

पहिले तीन महिने बाईला कोरड्या उलट्या होतात, अन्नाचा वास नको होतो, तिला कळतं की शरीरात काहीतरी सुरू झालंय. नवऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. त्याला फक्त बातमी मिळालेली असते. तो खूश होतो, पण त्याला ते खरं वाटत नाही. "याले काही आनंदच झाला नाही," असं आपण लगेच ठरवून टाकतो. पुष्कळ पुरुष सांगतात, पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटावर हात ठेवला आणि आतून लाथ लागली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण बाप होणार. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचं काळीज धडधडताना पाहून काहींना तसं होतं. म्हणून तपासणीला बाईसोबत सासू किंवा नणंद जाते तशी एखाद्या खेपेला नवऱ्यालाही पाठवावं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते. त्या दिवशी त्यानं एक रोज बुडवला तर तो वाया जात नाही. डॉक्टर काय म्हणतात ते तो स्वतःच्या कानानं ऐकतो, मग घरी येऊन वाद होत नाहीत.

आता एक गमतीची वाटणारी, पण खरी गोष्ट. बायको गरोदर असताना काही पुरुषांनाही मळमळतं, दाढ दुखते, पोट फुगतं, झोप लागत नाही, वजन वाढतं. आपण हसतो आणि म्हणतो, "यालेच डोहाळे लागले." डॉक्टर मंडळी याला फ्रेंच भाषेतल्या शब्दानं 'कुव्हाद' म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ आहे अंडी उबवणं. खुडूक कोंबडी अंड्यावर बसते ना, तसंच काहीसं. जगात काही ठिकाणी तर याची रीतच होती. दक्षिण भारतातल्या कोरवा जमातीत बाई बाळंत झाली की नवरा अंथरुणावर पडून राही आणि बाळंतिणीचं पथ्य तो पाळी, अशी नोंद शंभर वर्षांपूर्वी थर्स्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं करून ठेवली आहे.

आपल्याकडेही बापाला अगदीच बाजूला ठेवलेलं नव्हतं. 'धर्मसिंधु'सारख्या जुन्या ग्रंथांत गर्भिणीच्या नवऱ्यासाठी वेगळे नियम दिलेले आहेत. त्यानं डोक्याचे केस काढू नयेत, तीर्थयात्रेला जाऊ नये, असे. बाळ जन्मलं की सोयर बापालाही लागतं. काही घरांत ग्रहणाच्या वेळी गरोदर बाईसोबत तिच्या नवऱ्यालाही विळा हातात धरू देत नाहीत. ग्रहणाचा आणि बाळाच्या ओठाचा काही संबंध नाही, हे आपण मागं शिकलोच आहोत, ती भीती सोडून द्या. पण या चालीरीतींमागची एक गोष्ट लक्षात घ्या. घरात बाळ येणार म्हटलं की बापानं नेहमीसारखं राहून चालत नाही, त्यानं लांब जाऊ नये, हे जुन्या माणसांना कळत होतं.

शास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहिलं आहे. कॅनडात 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाप होणाऱ्या पुरुषांचं रक्त तपासलं. बायकांच्या अंगात जे रस गरोदरपणात बदलतात, त्यांतले काही पुरुषांच्या अंगातही बदलताना दिसले. पुढं फिलिपिन्स देशात सहाशेहून जास्त पुरुषांना काही वर्षं पाहिलं. बाप झालेल्यांच्या अंगातला पुरुषी रस कमी झाला होता, आणि जे बाप रोज लेकराचं करत होते त्यांच्यात तो आणखी कमी होता. म्हणजे लेकरू सांभाळल्यानं पुरुषाचं शरीरसुद्धा बदलतं. हे सासूबाईंना जरूर सांगा. लेकाला बाळाचं दुपटं बदलताना पाहून त्या म्हणतात ना, "हे काय माणसाचं काम आहे का?"

भीती कशाची असते

एकदा एका गावात बैठकीनंतर आम्ही पाच-सहा तरुण पुरुषांना याबद्दल विचारलं. आधी सगळे हसले. मग एक जण बोलला, आणि नंतर बाकीचेही बोलले. सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी आली : पैसा. आपला तालुका संत्र्याचा. आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाळंतपण काही बहार पाहून येत नाही. ज्याच्याकडे बगिचा नाही, जो रोजानं संत्रा तोडायला जातो, त्याची तर गोष्टच सोडा. गळती झाली, भाव पडला, बँकेचं थकलं, आणि वरून बायको नववा महिना. "सिजर झालं तं कुठून आणू?" हा प्रश्न त्याच्या डोक्यात रात्रभर चालतो, आणि सकाळी तो बायकोवर मीठ कमी पडलं म्हणून ओरडतो. बायकोला वाटतं, मिठाचंच आहे.

यातली निम्मी भीती माहिती दिली की जाते. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, सिझेरियन मोफत, औषधं, तपासण्या, रक्त मोफत. साधं बाळंतपण असेल तर 3 दिवस आणि सिझेरियन असेल तर 7 दिवस जेवण मोफत. घरून दवाखान्यात न्यायला, मोठ्या दवाखान्यात हलवायला आणि परत घरी सोडायला गाडी मोफत. आजारी बाळावरचे उपचार मोफत. हे बाईला माहीत असतं, कारण आशाताईनं तिला सांगितलेलं असतं. नवऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं, कारण आशाताई आली की तो अंगणातून उठून जातो. तो जुन्या ऐकीव आकड्यावर घाबरत बसतो, आणि कधी कधी सावकाराकडे जाऊनही येतो.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की सातव्या महिन्यात, ओटी भरायच्या सुमारास, नवरा-बायकोनं एकदा समोरासमोर बसून हिशोब करावा. गटातून अंतर्गत कर्ज लागलं तर किती, कोणत्या तारखेला, हे आधीच बोलून ठेवावं. गटाचं कर्ज बायकोच्या नावावर असतं, त्यामुळं मागायला नवऱ्याला कमीपणा वाटतो. हा विषय बायकोनंच काढावा.

दुसरी भीती तो सहसा बोलून दाखवत नाही. बायको मरेल का? त्याच्या आईच्या तोंडून त्यानं कोण कशी बाळंतपणात गेली ते लहानपणापासून ऐकलेलं असतं. ती गोष्ट त्याला नेमकी कळा सुरू झाल्यावर आठवते.

तिसरी भीती मुलाची. "पोरगाच पाहिजे" हे फक्त सासूच म्हणते असं नाही, आणि फक्त सुनेलाच ऐकावं लागतं असंही नाही. दुसरी मुलगी झाली की पारावर नवऱ्यालाही टोमणे मिळतात. पेढे की जिलेबी, असं विचारून लोक हसतात. मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरतं, बाईचा त्यात काही दोष नसतो. बापाच्याही हातात ते नसतं. गर्भलिंग तपासणं 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे. ज्या माणसाला दोन मुली आहेत आणि तो ताठ मानेनं जिलेबी वाटतो, त्याला आपण बायांनी सगळ्यांसमोर शाबासकी द्यायला पाहिजे. त्या एका शब्दाची त्याला गरज असते.

दाराबाहेर बसलेला

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. बाईसाठी ही चाल चांगली आहे, तिला विसावा मिळतो, हक्काचं करणारं माणूस मिळतं. पण यात बाप मात्र पार बाहेर राहतो. कळा सुरू झाल्या हे त्याला फोनवर कळतं. तो मोटरसायकल काढतो, पोचेपर्यंत सगळं झालेलं असतं. काही जण बाळाचं तोंड पाचवीला, काही तर बारशालाच नीट पाहतात. मग सव्वा-दोन महिन्यांनी बाळंतीण परत येते तेव्हा बाळ त्याच्या हातात रडतं. रडणारच, त्याची ओळखच नाही. "तुम्हाले घेताच येत नाही," म्हणून आपण बाळ काढून घेतो. झालं! तो पुन्हा हात लावत नाही.

दवाखान्यातला बाप तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. पायऱ्यांवर बसलेला, हातात फोन, सारखा उठून दाराशी जाणारा. त्या पाच-सहा जणांतल्या एकाचं बोलणं जसंच्या तसं देते : "तिले आत नेलं अन् दरवाजा लावून घेतला. तिच्या ओरडण्याचा आवाज येत होता. कोनी काही सांगे नाही. मंग एक बाई आली, कागद दिला, सही करा म्हने. मले वाचताबी येते, पन त्या टायमाले एक अक्षर दिसलं नाही. वाटलं, मी आता हिच्या मरनावर सही करून रायलो." हा माणूस चार वर्षांनंतर हे सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज गेला. त्याच्या बायकोला हे त्यानं कधीच सांगितलेलं नव्हतं.

त्या कागदाबद्दल प्रत्येक घरात आधीच बोलून ठेवा. तो संमतीचा कागद असतो. ऑपरेशन किंवा भूल द्यायच्या आधी धोका समजावून सांगितला, अशी ती नोंद असते. मरणाचा कागद नव्हे. सज्ञान बाईची स्वतःची संमती हीच खरी संमती, नातेवाइकाची सही बहुतेक ठिकाणी जोडीला घेतात. सही करण्याआधी "हे कशासाठी आहे?" असं विचारायचा हक्क आहे.

मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयातून कधी अमरावतीला डफरीनला पाठवतात. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, रात्रीची वेळ, गाडीत विव्हळणारी बायको. त्या तासाभराच्या रस्त्यात बाप होणारा माणूस कशातून जातो, हे आपण कधी विचारत नाही. त्याच्या हाताला काम असलं तर भीती थोडी कमी होते. बायकोचा रक्तगट पाठ असणं, रक्त देणाऱ्या दोघांचे नंबर फोनमध्ये असणं, तपासणीचं कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, बाळाची धडुती एका पिशवीत भरून दाराशी टांगून ठेवणं, ही कामं त्याच्याकडे आठव्या महिन्यातच सोपवा.

आत जाऊ देतात का? केंद्र सरकारनं 2016 मध्ये सूचना काढली की सरकारी दवाखान्यात कळा देताना बाईसोबत एक माणूस असू द्यावं. पहिली पसंती बाळंतपणाचा अनुभव असलेल्या बाईला, आणि जिथं इतर बायांचा आडपडदा राहील अशी सोय आहे तिथं नवऱ्यालाही. आपल्याकडच्या पुष्कळ प्रसूतिकक्षांत एका खोलीत दोन-तीन बाया असतात, त्यामुळं नवऱ्याला आत घेत नाहीत, आणि त्या दुसऱ्या बायांचा विचार केला तर ते बरोबरच आहे. पण बाहेर बसलेल्या माणसाला तासाभरातून एकदा कोणी दोन वाक्यं तर सांगू शकतं. सोबत गेलेल्या सासूनं, आईनं, आशाताईनं बाहेर येऊन एवढंच म्हणावं, "अजून वेळ आहे, बाई बरी आहे." याला पैसा लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य काढलं. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. ते गेले तेव्हा तिथं पोचायला 40 किलोमीटर पायी चालावं लागायचं. गावातल्या बायांची बाळंतपणं जशी होतात तसंच आपल्या बायकोचंही करायचं, असं ठरवून डॉ. रवींद्र यांनी स्मिताताईंचं बाळंतपण स्वतः केलं. पण बाळाला न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तात जंतुसंसर्ग झाला. लोक म्हणाले, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. डॉ. रवींद्र यांनी निर्णय बायकोवर सोडला. स्मिताताईंनी ठरवलं, इथल्या लेकरांवर जसे उपचार होतात तसेच आपल्याही लेकरावर होतील. बाळ वाचलं. ही गोष्ट त्यांच्या सेवेचं उदाहरण म्हणून सांगतात, ते खरंच आहे. (तुम्ही मात्र असं करू नका. डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं की न्यायचंच.) मला त्यात आणखी एक दिसतं. तो माणूस डॉक्टर होता, आणि त्याच खोलीत बापही होता. आणि लेकराच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा त्यानं आधी बाळाच्या आईला विचारलं. आपल्याकडं किती घरांत असं विचारतात?

बाळ राहिलं नाही तर

हा भाग वाचताना थोडं थांबून वाचा. बैठकीत अशी ताई असेल जिच्यावर ही वेळ आलेली आहे.

पोट पडलं, बाळ पोटातच गेलं, किंवा जन्मून दोन दिवसांत गेलं, तर घरातल्या बाया त्या बाईभोवती बसतात. तिच्यासोबत रडतात. हे व्हायलाच पाहिजे. पण इतक्या लहान बाळाला आपल्याकडं जाळत नाहीत, पुरतात. त्याला दुपट्यात गुंडाळून नेतं कोण? बाप. सोबत एक-दोन माणसं असतात, खड्डा होतो, तो लेकराला स्वतःच्या हातानं खाली ठेवतो, वर माती लोटतो आणि घरी येतो. घरी आल्यावर त्याला कोणी काही विचारत नाही. तिसऱ्या दिवशी तो फवारणीला जातो. लोक म्हणतात, "सांभाळ तिले." त्याला कोण सांभाळतं? अशा घरात पुढं महिनोन्‌महिने नवरा-बायको एकमेकांशी त्या बाळाबद्दल एक शब्द बोलत नाहीत. तिला वाटतं त्याला काहीच वाटलं नाही. त्याला वाटतं, आपण बोललो तर ती पुन्हा रडेल. अशा घरी भेटायला गेलात तर बाईजवळ बसाच, पण निघताना अंगणातल्या माणसाशीही दोन शब्द बोला. "तुमचंबी लेकरू होतं भाऊ," एवढं पुरतं.

उदासी बापालाही येते

बाळंतिणीला उदासीचा आजार होतो हे आता बऱ्याच जणींना माहीत आहे. 2010 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले 43 अभ्यास एकत्र करून पाहिले. बायकोच्या गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात दहा बापांमागे साधारण एकाला हा आजार होतो असं दिसलं. सगळ्यात जास्त प्रमाण बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना. आपल्याकडं नेमक्या त्याच सुमारास बाळंतीण माहेरून परत आलेली असते. घर बदललेलं, रात्रीची झोप गेलेली, बायकोचं सगळं लक्ष बाळाकडे, आणि आधीचं कर्ज तसंच.

बाईची उदासी रडण्यात दिसते. पुरुषाची तशी दिसेलच असं नाही. तो चिडचिड करतो, घरी उशिरा येतो, जेवत नाही, शेतात जाऊन नुसता बसतो, दारू वाढते, "माझ्यानं काही होत नाही" असं बोलतो. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या. "मी नसलो तं बरं होईल" असं कधी बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा. आपल्या भागात हे जास्त सांगायची गरज नाही. शेतकऱ्यांच्या मनाच्या आजारांसाठी सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात अमरावतीही आहे. जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे तपासणी होते.

इथं एक गोष्ट मात्र ठामपणे. भीती असली, उदासी असली, तरी बायकोवर हात उचलायची मोकळीक कोणाला मिळत नाही. गरोदर बाईला मारणं हा गुन्हा आहे, त्याला टेन्शन म्हणून झाकू नका. उपचार त्याच्या मनावर करायचा, आणि मार तिथंच थांबवायचा, दोन्ही एकाच वेळी.

आपल्यातल्या ज्या ताया सासू आहेत त्यांना एक विनंती. लेकानं बायकोचे पाय चेपले, तिला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही, बाळ रात्री रडलं तर तो उठून बसला, तर त्याला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणू नका. तुमचा एक शब्द त्याला आयुष्यभर मागं ओढतो. उलट बाराव्या दिवसाच्या आतच बाळ त्याच्या मांडीवर द्या. मान कशी धरायची ते दाखवा आणि खोलीतून बाहेर निघून जा. बाळ रडलं तरी लगेच धावू नका.

बैठकीत बोलायला हे घ्या : तुमच्या बाळंतपणाच्या रात्री तुमचा नवरा कुठं होता, काय करत होता, हे तुम्हाला माहीत आहे का? पुष्कळ जणींना माहीत नसतं. घरी जाऊन विचारा. आधी तो म्हणेल, "आता कायले काढतेस ते?" थोडा वेळ गेला की सांगेल. पुढच्या बैठकीत ज्यांना सांगावंसं वाटेल त्यांनी सांगावं, सक्ती नाही. ज्या गटात सध्या कोणी गरोदर ताई आहे, त्या गटाच्या अध्यक्षांनी तिच्या सातव्या महिन्यात एक बैठक संध्याकाळी, पुरुष घरी असतात त्या वेळेला, तिच्याच अंगणात घ्यावी आणि जननी शिशु सुरक्षेची माहिती नवऱ्यासमोर वाचून दाखवावी.

हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आणि त्याच्याही फोनमध्ये लिहून ठेवा : तातडीची रुग्णवाहिका 108, गरोदर माता आणि बाळासाठी गाडी 102, आरोग्याचा सल्ला 104, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416 (रात्रंदिवस, मोफत, मराठीत बोलता येतं), महिला मदतवाहिनी 181.